बेस गिटार आणि वर्षाची चटणी

रविवार, १७ एप्रिल १९७७. वर्षाची चटणी कांडायची होती. मिरची तीन दिवस पत्र्यावर वाळवून घेतली होती, खोबरं भाजून झालं होतं, तळलेला कांदा पाटीत निथळत होता. थोरली जाऊ आदल्या दिवशी उंब्रजहून एस्टीने आली होती, लसणाची माळ आणि स्वतःचं मुसळ घेऊन. मुसळाचं तिकीट काढू का, असं कंडक्टरने विचारलं तेव्हा, ‘काढ की, पर त्येला खिडकीजवळची जागा दे,’ असं तिने सांगितलं होतं. सांगलीच्या बाजारात मिरची चांगली मिळते म्हणून दोन्ही घरांची चटणी दरवर्षी माझ्याकडे व्हायची. गल्लीच्या टोकाला विजेवर मिरची कांडायचा डंक आला होता. पण डंकावर चटणी तापते आणि काळी पडते असं जावेचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं.

आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून एकाच उखळात कांडायचो. हे लिहायचं कारण पुढे येईल. मुसळ मारायला अक्कल लागत नाही, उचलायला लागते. समोरचीचं मुसळ खाली यायच्या आत आपलं वर निघालं पाहिजे. लवकर उचललं तर मिरची फुटत नाही, रेंगाळलं तर मुसळावर मुसळ आदळतं आणि बोटं चेपतात. डोळ्यांनी बघून हे जमत नाही, बघणारी नेहमी चुकते. कानाने जमतं, आणि थोडंफार मनगटाने. आमच्या सासूबाई नव्या सुनेला पहिले दोन दिवस नुसतं उचलायला शिकवायच्या. मारायचं तुझं तुला कळेल, म्हणायच्या.

माझे यजमान बेस गिटार वाजवायचे. पंधरा वर्षं ते पलटणीच्या बँडमध्ये होते. तिथे मोठा पितळी बाजा त्यांच्याकडे होता, जो अंगाभोवती गुंडाळून घ्यावा लागतो आणि ज्यातून गाणं असं कधी निघत नाही, गाण्याचं बूड तेवढं निघतं. पुढे अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नाचाच्या बँडला माणूस कमी पडला आणि यांच्या हातात बेस गिटार दिली गेली. पेन्शनवर आल्यावर ते सांगलीतल्या एका ऑर्केस्ट्रात लागले. गिटार ऑर्केस्ट्राच्या मालकाची, पण ठेवायची आमच्याकडे, बाहेरच्या खोलीत खुंटीला. शेजारणी मला विचारायच्या, तुमचे मालक काय गातात? मी सांगायचे, गात नाहीत, पण ते नसले तर गाणारे पडतात.

त्याच ऑर्केस्ट्रातला ड्रमवाला तासगावचा. तोही त्याच पलटणीच्या बँडमधून दोन वर्षांनी सुटून आला होता आणि यजमानांमागोमाग इथे लागला होता. दोघांचा खुळेपणा एका रेकॉर्डवर होता. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या बँडची ती रेकॉर्ड त्यांच्या बँडमास्तरने निरोपाच्या वेळी दिली होती. असल्या संगीताला तिकडे फंक म्हणतात असं ड्रमवाल्याने मला दोनदा समजावून सांगितलं. ऑर्केस्ट्रात वाजवायची हिंदी सिनेमाचीच गाणी, पण त्यातल्या नाचाच्या गाण्यांना हे दोघे खालून तो ताल लावायचे. लोकांना काय बदललं ते कळायचं नाही. फक्त त्यांच्या टाचा हलायच्या.

दुपारी आमच्याकडे सराव व्हायचा. ड्रमवाला उशीवर काठ्या मारायचा आणि पायाने ट्रंकेवर ठोके द्यायचा. यजमान पाटावर बसायचे. आवाज मोठा करणारा अँप्ली लावलेला नसायचा, नुसती तार ऐकू यायची. मला वर्षभर त्यात काही दिसलं नाही. तीन-चार सूर आणि तेच तेच. मग एकदा भाकरी थापताना पाठमोरी ऐकत होते तेव्हा ध्यानात आलं की ते काय वाजवतात हे ऐकण्यासारखं नाहीच. कधी थांबवतात ते ऐकण्यासारखं आहे. ड्रमवाल्याचा पाय पडला की सूर त्याच्या अंगावर यायचा, अगदी किंचित मागून, डब्यावर झाकण बसावं तसा. आणि लगेच कापला जायचा. डाव्या हाताची बोटं तारेवर दाबायची नाहीत, नुसती टेकवायची, की आवाज मेला. मग त्या रिकाम्या जागेत ड्रमवाल्याची काठी पडायची. ती जागा रिकामी राहिली तरच ऐकणाऱ्याचं अंग हलतं. भरली की कुणी हलत नाही, आणि आपण का हलत नाही हे त्याला सांगता येत नाही.

मी म्हटलं, हे आमचं कांडणंच आहे. तुम्ही मारण्यासाठी नाही, उचलण्यासाठी बसलाय. ड्रमवाला हसून लोळला. पण त्या दिवसापासून दोघांमध्ये एक शब्द रुळला. एखादं गाणं जमलं की कार्यक्रम चालू असतानाच ड्रमवाला यजमानांकडे बघून ओठ हलवायचा : उखळात पडलं.

दिवाळीनंतर ते उखळात पडेना.

आधी ऑर्केस्ट्राचे मालक म्हणाले, अँप्लीत घोटाळा आहे. अँप्ली दुरुस्तीला गेला आणि परत आला. मग तारा बदलल्या. मालक म्हणत, आवाजाचा चिखल होतोय, एका सुराच्या पायात दुसरा सूर अडकतोय. यजमान ऐकून घ्यायचे. घरी सराव वाढला. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास, डाव्या हाताची बोटं तारांवर घासून घासून सोलवटली. करंगळीला भेग पडली. मी खोबरेल लावा म्हणाले, त्यांनी लावलं. डाव्या कोपराशी फिकट चट्टा होता, रुपयाएवढा. त्याला आम्ही शिबं समजलो होतो आणि गंधकाचं मलम लावत होतो. ही आमची चूक. शिबं तर सगळ्यांना येतं.

फेब्रुवारीत साताऱ्याला कार्यक्रम झाला, तेव्हा मी मुद्दाम गेले आणि तिसऱ्या रांगेत बसले. त्यांचा सूर पडत होता वेळेवर. पण उठत नव्हता. ड्रमवाल्याची काठी यायची तरी तो तिथेच रेंगाळलेला असायचा. मुसळावर मुसळ. आजूबाजूला बघितलं, एक टाच हलत नव्हती. मला एकच कारण सुचलं. पलटणीतून आलेल्या माणसाबद्दल बायकोला जे सुचतं तेच. परतीच्या एस्टीत मी त्यांच्या तोंडाचा वास घेतला आणि विचारलं, कधीपासून सुरू केलीय? वास कसलाच नव्हता. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी त्याबद्दल पुढेही कधी माफी मागितली नाही, मागायला हवी होती.

एप्रिल लागला तेव्हा मालकांनी स्पष्ट सांगितलं. २३ तारखेच्या शनिवारी लोणंदला कार्यक्रम होता. पुण्याचा एक बेसवाला त्या दिवशी प्रेक्षकांत येऊन बसणार होता. चिखल निघाला नाही तर रविवारपासून गिटार त्याच्याकडे. यजमानांनी हे मला जेवता जेवता सांगितलं आणि पुन्हा भाकरी मागितली. मला वाटतं, आयुष्यात दुसरं काही गेलं असतं तरी त्यांनी अशीच भाकरी मागितली असती. पण हे जाऊ नये म्हणून ते काहीही करायला तयार होते, हेही मला दिसत होतं.

तर तो रविवार. सकाळी सातला आम्ही दोघींनी मुसळं उचलली आणि अकरापर्यंत मिरची उतरवली. नाकातोंडाला फडकी बांधलेली, डोळ्यांतून पाणी. जावेचा आणि माझा हात चांगला बसलेला होता, वर्षातून एकदाच भेटूनही. मग खोबरं, धणे, मसाला, कांदा, लसूण. शेवटी सगळं परातीत घेऊन हाताने कालवायचं असतं. लसणाच्या ओलेपणाने मिरची चढते, ते काम सगळ्यात वाईट. आमचे दोघींचे खांदे गेले होते. यजमान म्हणाले, द्या इकडं, मी कालवतो. जाऊ म्हणाली, ‘भावजी, गिटार न्हवं ही. हात जळत्यात.’ ते म्हणाले, पलटणीत यापेक्षा वाईट कालवलंय. आणि बसले.

दोन्ही हातांनी त्यांनी अर्धा तास कालवलं. गोळे फोडले, कडा आत घेतल्या. उठले तेव्हा उजवा हात झटकत होते. मी ताकाची वाटी दिली. उजवा हात त्यांनी ताकात धरला, मग खोबरेल मागितलं, मग पुन्हा ताकात धरला. तोंडाने स्स् स्स् करत होते. डावा हात गुडघ्यावर तसाच होता, मनगटापर्यंत लाल, आणि करंगळीची भेग चटणीने भरलेली. ती भेग मी बघत होते. ताज्या भेगेत चटणी गेली तर माणूस अंगणभर नाचतो.

जावेने विचारलं, ‘आन् डावा?’

‘डावा गप हाय,’ ते म्हणाले.

 जावेने तोंडावरचं फडकं सोडलं आणि घडी घालू लागली. मी त्यांचा डावा हात धुतला. भेग धुतली तेव्हा आत पांढरं दिसलं. मी चोळून धुतली, मुद्दाम. ते दुसरीकडे बघत होते. मग मी शिवणाच्या डब्यातली सुई आणली, त्यांना पाटावर बसवलं आणि डोळे मिटायला सांगितले. टोचलं की सांगा, म्हटलं. अंगठ्याला लावली तेव्हा सांगितलं. पहिल्या बोटाला सांगितलं. करंगळीला सुईचं टोक आत गेलं आणि रक्ताचा थेंब आला. ते डोळे मिटून वाट बघत बसले होते.

‘टोच की,’ ते म्हणाले. ‘कवा टोचणार हाईस?’

त्यांनी डोळे उघडले तेव्हा सुई बोटातच होती.

त्या रोगाचं नाव आम्हा तिघांपैकी कुणी घेतलं नाही. उंब्रजच्या बाजाराच्या कोपऱ्यावर फडक्यांत हात गुंडाळून बसणारा एक माणूस होता, त्याच्या वाडग्यात लोक लांबून टाकायचे. जाऊ रोज त्याच्यासमोरून जायची. चट्टा आणि न दुखणारी बोटं म्हणजे काय हे तिला सांगावं लागलं नाही. तिने साबण मागितला. हात धुतले, पुन्हा धुतले. म्हणाली, चारच्या एस्टीनं जाते, घरी म्हशीचं बघायला पायजे. ती सोमवारी जाणार होती. तिच्या वाट्याची चटणी मी पितळी डब्यात भरायला घेतली तर म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे गं. फुडल्या खेपंला नेतो.’ मुसळ न्यायला मात्र ती विसरली नाही. दारात मला म्हणाली, कुनाला सांगत न्हाई मी. त्यावरून मला कळलं की ती सांगणार. उंब्रजला आठ दिवसांत सगळ्यांना कळलं. पुढच्या वर्षीपासून मी मिरची डंकावर द्यायला लागले. चटणी काळी होते, खाता येते.

मला तिचा राग आहे का? तेव्हा होता. तिच्या जागी मी असते तर साबण मीही मागितला असता.

जाऊ गेली आणि थोड्या वेळाने ड्रमवाला सरावाला आला. अंगणात पाऊल टाकल्याबरोबर शिंकायला लागला आणि मला म्हणाला, वैनी, शत्रूवर सोडायची हाय का ही चटणी? मग आमची तोंडं बघून ट्रंकेवर बसला. यजमानांनी त्याला सुईचं सांगितलं. मी सांगितलं नसतं, पण त्यांनी सांगितलं. मला वाटलं, हाही आता उठेल. तो उठला नाही. बसूनच राहिला आणि माझ्याकडे बघून बोलला.

‘मला दिवाळीपासनं ठावं हाय, वैनी. म्हंजी ह्ये न्हाई ठावं. पर ह्येंची बोटं तारेवरनं उठंनात ह्ये ठावं हाय. सूर लांबतोय म्हनून मी पाय उशिरा टाकतोय. मालकाच्या ध्येनात येऊ नये म्हनून. पाच म्हैनं माझा पाय खोटं बोलतोय.’

यजमान त्याच्याकडे बघत होते. त्यांना हे माहीत नव्हतं. पाच महिने ते सराव करत होते, बोटं सोलत होते, आणि ज्याच्या ठोक्यावर विश्वास ठेवून दुरुस्ती करत होते तो ठोकाच हलवलेला होता. प्रेमाने हलवलेला, पण हलवलेला. ते एवढंच म्हणाले, ‘मला सांगायचंस रं, गड्या.’ आणि ड्रमवाल्याने मान खाली घातली.

मग दोघांचं ठरायला लागलं, माझ्यासमोरच. करंगळीला चिकटपट्टी गुंडाळायची. तार दाबायला पहिली दोन बोटं पुरतात, त्यांना कळतंय. सूर कापायला उजवा तळवाच तारेवर आणायचा. ड्रमवाला म्हणाला, लोणंदला मी पाय खरा टाकतो, तुमी तळव्यानं कापा. त्यांनी करून बघितलं. गिटार खुंटीवरून काढली, ट्रंकेवर पाय, उशीवर काठ्या. आणि खरं सांगायचं तर पंधरा-वीस ठोके ते उखळात पडलं. दिवाळीनंतर पहिल्यांदा. माझी टाच हलली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

‘शनवारचं लोणंद तेवढं हुंदे,’ यजमान मला म्हणाले. ‘मग तू म्हनशील त्या दवाखान्यात येतो.’

मी त्यांच्या हाताकडे बघत होते. चिकटपट्टीखालून रक्त येऊन गिटारच्या मानेवर उतरलं होतं आणि दोघांपैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ड्रमवाल्याचे डोळे यजमानांच्या तोंडावर होते आणि यजमानांना हात होताच कुठे लक्षात यायला. पुढे डॉक्टरांनी मला जे समजावलं ते मला त्या क्षणी न समजावताच दिसलं. या रोगाने बोटं झडत नाहीत. दुखत नाही म्हणून माणूस ती वापरत राहतो आणि झिजवतो. लोणंदला तीन तासांचा कार्यक्रम, त्याआधी पाच दिवसांचा सराव. आत पांढरं दिसत होतं ते आणखी पांढरं होणार. आणि लोणंद जमलं तर पुढचा कार्यक्रम येणार, मग त्याच्या पुढचा. जमलं तरच जास्त धोका होता. मी ‘बरं’ म्हटलं. आमच्या संसारात मी त्यांना सांगितलेलं हे बहुतेक सगळ्यात मोठं खोटं.

ड्रमवाला अंधार पडायच्या आत गेला. जाताना पाणी मागून प्यायला, आमच्याच तांब्याने. ते मी लक्षात ठेवलं आहे.

सोमवारी सकाळी साडेपाचला मी उठले. यजमान झोपले होते, डावा हात अंथरुणाबाहेर. मी गिटार खुंटीवरून काढली, मानेवरचं वाळलेलं रक्त ओल्या फडक्याने पुसलं, तारा कोरड्या केल्या, गवसणीत घातली आणि चालत मालकांच्या घरी गेले. मालक अंगणात दात घासत होते. मी म्हटलं, हे शनिवारी येणार नाहीत, पुण्याच्या माणसाला आजच कळवा. त्यांनी चूळ भरली आणि विचारलं, काय झालं? मी सांगितलं, हाताची शीर धरलीय. ते खोटं नव्हतं, पुरतं खरंही नव्हतं. मालकांनी गवसणी उघडून एक तार छेडली, कान लावला, आणि म्हणाले तारा तर नव्या आहेत. मी म्हटलं, तारांचा दोष नव्हताच.

परत आले तेव्हा यजमान पाटावर बसून खुंटीकडे बघत होते. मी बसले तसा त्यांनी डावा हात पुढे केला. मी करंगळीची पट्टी सोडली, धुतली, स्वच्छ धडपं बांधलं आणि त्यांचा इस्त्रीचा शर्ट पुढे ठेवला. गुंड्या लावायला त्यांना वेळ लागत होता, मी लावल्या. मग परातीत राहिलेली जावेच्या वाट्याची चटणी माझ्याच बरणीत भरली, वर हिंगाचा खडा ठेवला, दादरा बांधला, आणि आम्ही मिरजेच्या दवाखान्याची बस धरली.